शेगडी बदलताना भिंतीतली तारही पाहा

जुनी कॉइलची शेगडी काढून इंडक्शन घेताय? उत्तम. उघड्या कॉइलला भांडं टेकून बसणारा शॉक तरी टळेल. पण आधी ती जिथं लावणार, तो सॉकेट बघा.

दोन हजार वॉटची शेगडी 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर वीज ओढते. टीव्ही-चार्जरचा लहान सॉकेट 6 अँपिअरचा असतो. शेगडीला मोठा, 16 अँपिअरचाच हवा, आणि त्याला मेन बोर्डापासून अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार. मल्टिप्लग तर नकोच.

आपल्या कोल्हापूरच्या पेठांतल्या कित्येक जुन्या घरांत अजून लाकडी पट्टीवरची ॲल्युमिनियमची तार आहे. तिचे स्क्रू काळानं ढिले पडतात, जोड तापतो. स्वयंपाक झाल्यावर स्विच बंद करून प्लग काढा. पिना काळवंडल्यात? प्लॅस्टिक पिवळं पडलंय? मग शेगडी बाजूला ठेवा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.

2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्या शाहूपुरी, सुतारवाडा भागातल्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे : भिंत वरून वाळली तरी बुडालेल्या जोडांवर गंज राहतो. वायरमनकडून इन्सुलेशन मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लावून तपासून घ्या, अर्थिंगही तपासून घ्या. बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, नसेल, तर त्याच फेरीत बसवा. तिचं टेस्टचं बटण मात्र अधूनमधून स्वतः दाबून बघायचं. खटका पडला नाही, तर ती लगेच बदलून घ्या.