पोराचें पुस्तक, बापाचें पुस्तक
(गांवच्या वाचनालयांत केलेलें भाषण)

मंडळी, या पावसाळ्यांत दोन पुस्तकें वाचलीं. मला काय वाटलें तें सांगतों.

पहिलें पोरांचें. साने गुरुजींनीं 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगांत 1933 सालीं लिहिली. बेचाळीस रात्रींची गोष्ट. घर खोताचें, तरी कर्जापायीं जप्ती येते. सावकाराचा माणूस आईला नाहीं नाहीं तें बोलतो. वर्गांत वाचली तेव्हां दंगेखोर पोरेंहि गप्प बसलीं. पण मला एक खटकलें. कर्ज चढलें कसें, कोणीं किती खाल्लें, हें तींत फारसें नाहीं. आईचें सोसणें मात्र पानोपानीं.

तो हिशेब जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्यांत आहे. सन 1883 चें पुस्तक. जोतीरावांनीं तें जुन्नर, ओतूर, हडपसर येथें लोकांना वाचून दाखविलें होतें. भट, सावकार, सरकारी कामगार, कोणालाहि सोडलेलें नाहीं. वाक्यें मोठीं लांब, वाचतांना दम लागतो खरा. पण शेवटीं उपाय पाहा: लष्कर-पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून पाणी शेतांत मुरवावें! आपला कोरडा ओढा आठवून हें वाचा.

ज्या घरीं बापाला अक्षर येत नाहीं, तिथें सातवींतल्या लेकीनें रात्रीं हा असूड मोठ्यानें वाचावा. सारा, पट्टी, गहाणखत, हे शब्द अडले तर बापच तिला समजावील.

दोन्ही पुस्तकें इथल्या कपाटांत आहेत. आठ दिवसांनीं परत आणा, आणि पावसांतून नेतांना घोंगडीखालीं धरा.