गाठ आणि खूणगाठ

'गाठ' हा आपल्या भाषेतला मोठा मायेचा शब्द. लग्नगाठ असते, गाठभेट असते, पदराच्या गाठीला चार पैसे असतात. पण हाच शब्द डॉक्टरांच्या तोंडून आला, की माणसाचा जीव टांगणीला लागतो.

माझ्या थोरल्या बहिणीची, आपाची, करंगळी पाण्याची बादली उचलताना मोडली. एवढ्याशा ओझ्याने हाड मोडावे कसे? एक्स-रेत दिसले, की बोटाच्या मुळाकडचे हाड आतून पोकळ झाले आहे, कवच पातळ आणि आत पांढरे ठिपके. डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे." घरात रडारड सुरू झाली. कुणी हाडवैद्याकडून बोट चोळून घ्या म्हणू लागले.

त्या गाठीचे नाव एन्काँड्रोमा. हाताच्या हाडांत सर्वाधिक आढळणारी ही गाठ कूर्चेची असते, कॅन्सरची नव्हे. बहुधा ती दुखत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत सापडते, नाहीतर हाड मोडल्यावर. लहान असेल, त्रास नसेल, तर नुसती नजर ठेवूनही भागते.

आपाचे हाड आधी सांधू दिले. मग गाठ खरवडून काढली आणि पोकळीत तिच्याच कमरेच्या हाडाचे बारीक तुकडे भरले. बोट ताठू नये म्हणून व्यायाम दिला. आज ती पुन्हा गोधड्या शिवते.

खरवडलेला भाग तपासणीला गेला, तेव्हा मला एक नवी गोष्ट कळली. हाताच्या या गाठीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी आहेत त्याहून उग्र दिसतात. म्हणून तपासणारा डॉक्टर एक्स-रे शेजारी ठेवूनच निदान करतो. आम्हा कवींना हे लगेच पटते. ओळीतून सुटा काढलेला शब्दही भलताच अर्थ सांगतो.

अर्थात निष्काळजीपणा नको. गाठ भराभर वाढू लागली, मोडतोड नसताना दुखू लागली किंवा अनेक हाडांत गाठी निघाल्या, तर तपासणी टाळू नये. अनेक गाठींच्या ऑलिएर नावाच्या आजारात कॅन्सरचा धोका वाढतो; तिथे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते.

तेव्हा मनाशी एक खूणगाठ बांधू या. बोटावर फुगवटा दिसला किंवा क्षुल्लक धक्क्याने बोट मोडले, तर आधी एक्स-रे काढायचा. चोळायचे नाही, आणि नाव कळण्याआधी रडायचेही नाही.