मुलांच्या हातचा पर्जन्यमापक

 आजचं काम तुमच्या शेजारी बसून ऐकणाऱ्या बाळगोपाळांचं आहे.

पाऊस किती झाला म्हणून विचारलं, तर आपण काय सांगतो? "चांगला दणकून झाला." "बांधावरून पाणी गेलं." पण दणकून म्हणजे किती? मृगाचे दोन-तीन सडाके आले, मातीचा वास सुटला, की हात तिफणीकडे जातो. वरची चार बोटं ओल असते, खाली माती कोरडीच. बी उगवतं, मग उघाड पडते आणि कोंब करपतात. दुबार पेरणीचं बियाणं कुठून आणायचं, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच विचारा.

म्हणून पाऊस मोजायचा. त्याला पैसा लागत नाही.

थंड पेयाची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, सरळ अंगाची. मध्ये खाच असलेली नको. वर जिथे ती निमुळती होऊ लागते, तिथे गोल कापा. कापण्याचं काम मोठ्यांनी करावं. कापलेल्या तुकड्याचं झाकण काढून तो उलटा, नरसाळ्यासारखा, बाटलीत बसवा आणि कडेने चिकटपट्टी लावा. या नरसाळ्यामुळे उन्हाने पाणी कमी उडतं.

बाटलीचा बूड खडबडीत असतो, तिथे माप चुकतं. म्हणून आत मूठ-दोन मूठ खडे टाका आणि बाटलीचं अंग जिथे सरळ होतं तिथपर्यंत पाणी भरा. खडे पाण्याखाली बुडालेले हवेत. त्या पाण्याच्या रेषेवर शून्य लिहा. तिथून वर शाळेच्या पट्टीने मिलिमीटरच्या खुणा करा. झाला तुमचा पर्जन्यमापक.

एका शाळेत मुलाने मला विचारलं, "साहेब, मोठं पातेलं ठेवलं तर पाऊस जास्त भरेल ना?" प्रश्न चांगला होता. मी दोन सरळ भांडी पावसात ठेवायला लावली, एक रुंद, एक अरुंद. रुंद भांड्यात पाणी जास्त आलं, पण पट्टी लावली तर उंची दोन्हीकडे सारखी! पाऊस आपण उंचीने मोजतो, तो असा. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटर पडला, तर एकरभर रानावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडलं!

बाटली ठेवायची कुठे? अंगणात पागोळ्यांखाली नको, झाडाखाली नको. मी स्वतः पहिली बाटली ओट्याच्या कडेला ठेवली होती आणि पत्र्यावरचं पाणी पाऊस म्हणून मोजत होतो. जवळच्या घराच्या किंवा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडा. बाटलीचं तोंड जमिनीपासून फूटभर वर असावं, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत जात नाहीत. वाऱ्याने पडू नये म्हणून खुंटीला बांधा.

रोज सकाळी साडेआठला माप घ्यायचं. हवामान खात्याची वेळही हीच. डोळा पाण्याच्या पातळीत आणून पाहायचं, वहीत तारीख आणि आकडा लिहायचा. मग जास्तीचं पाणी ओतून पुन्हा शून्यापर्यंत आणायचं. कोरड्या दिवशी पाणी घटलं असेल तर भर घालायची. पाऊस नसला तरी "०" लिहायचाच. फार मोठा पाऊस असेल तर मध्येच मोजून ओता आणि दोन्ही आकडे मिळवा.

एका गावात सहावीतल्या मुलीने अशी वही ठेवली होती. तीन दिवसांचे आकडे होते १२, ४ आणि १८, म्हणजे एकूण ३४. वडिलांना सोयाबीन पेरायची घाई. खरं सांगायचं तर ते पोरीच्या वहीमुळे थांबले नाहीत, तिफण दुरुस्तीला होती म्हणून थांबले! शेजारच्या दोन रानांत पेरणी झाली, पुढे पंधरा दिवस उघाड पडली आणि ती रानं मोडावी लागली. दुसऱ्या वर्षी मात्र वडीलच सकाळी विचारू लागले, "आज किती गं?"

खरीप पेरणीआधी साधारण ८० ते १०० मिलिमीटर पाऊस झालेला असावा. पण नुसती बेरीज धरू नका. आठ-आठ दिवसांच्या अंतराने आलेल्या सरी उन्हाने उडून जातात. आकडा भरला की रानात खड्डा करून वीतभर ओल गेली का पाहा, वाफसा येऊ द्या, मगच पेरा.

आता कोणी म्हणेल, मंडळाच्या पावसाचा आकडा मोबाईलवर मिळतो की. मिळतो, आणि अतिवृष्टीच्या पंचनाम्याला तोच धरतात, तुमची बाटली नव्हे. पण एका मंडळात कित्येक गावं. ओढ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ, हे आपण नेहमीच पाहतो. पेरणी तुमच्या रानात आहे, म्हणून माप तुमच्या रानातलं हवं.

वळवाचा पाऊस येण्याआधी बाटली बसवून घ्या, म्हणजे मृगापर्यंत मुलांचा हात बसेल. वहीत पेरणीची आणि उगवणीची तारीखही लिहायला सांगा.