आपला आवाज बसतो तेव्हा



आम्ही त्र्यंबकच्या आसपासच्या पाड्यांवरच्या बाया बोलतोय. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्चचं कुटुंब, लहान आहे. रविवारी सगळे आले तरी एका ओसरीवर मावतात. भाताच्या आवणीच्या दिवसांत तर पाच-सहाच जणी जमतो, त्याही गुडघाभर चिखल तुडवत. बचतगटातल्या मैत्रिणी विचारतात, "देव तर घरीही ऐकतो ना? मग एवढ्या पावसात जाता कशाला?"

प्रश्न रास्त आहे. येशूनं स्वतःच शिष्यांना सांगितलं होतं की खोलीचं दार लावून एकांतात प्रार्थना करा. तशी आम्ही करतोच. चुलीपुढे करतो, पाण्याला जाताना करतो. पण घरची प्रार्थना फार लवकर आपल्यापुरती होऊन बसते. पोराचा ताप, नवऱ्याची दारू, सोसायटीचं कर्ज, संपलं. रविवारी शेजारची बाई तिचं गाऱ्हाणं मोठ्यानं मांडते, तेव्हा कळतं की देवापुढं आपण एकटीच रांगेत नाही.

आणि कधी कधी घरची प्रार्थना बंदच पडते. आमच्यातल्या एकीचं तान्हं मूल गेलं. त्यानंतर ती उपासनेला यायची, भिंतीला टेकून बसायची, पण ओठ मिटलेले. कोणी "देवाची मर्जी" म्हणू लागलं की उठून अंगणात जायची. अशा वेळी शहाणपण शिकवणाऱ्यांनी जरा गप्प बसलेलं बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. आम्ही फक्त गात राहिलो आणि तिच्यासाठी जागा ठेवत राहिलो. पुष्कळ दिवसांनी एका रविवारी ध्रुवपदाला तिचा बारीक आवाज ऐकू आला. पुढं ती म्हणाली, "माझ्यापाशी तेव्हा विश्वास नव्हताच. तुमचा होता, त्याच्यावर दिवस काढले."

मार्कच्या शुभवर्तमानात कफर्णहूम गावची गोष्ट आहे. अंगावरून वारं गेलेल्या एका माणसाला चौघांनी बाजेवर घालून येशूकडं आणलं. दारात ही गर्दी! मग ते छपरावर चढले, छप्पर उकरलं आणि बाज खाली सोडली. तिथं लिहिलंय की येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. ‘त्याचा’ नाही, ‘त्यांचा’. बाजेवर पडलेला तर एक शब्दही बोललेला नाही. हा एक शब्द आम्ही कितीदा वाचला असेल, पण त्या बाईचं बोलणं ऐकल्यावर तो कळला.

त्र्यंबकच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात, त्या आपण लहानपणापासून बघतो. पाय सुजलेला म्हातारा टाळाच्या ठेक्यावर पुढचं पाऊल टाकतो. एकटा असता तर वाटेतच बसला असता.

ही ताकद रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओळखली होती. त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. तेव्हा चर्चमध्ये परदेशी चालींवरची, भाषांतर केलेली गाणी पुष्कळ. टिळकांनी अभंग आणि भजनं रचली, ख्रिस्ती कीर्तनाला बळ दिलं. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकात त्यांची कितीतरी गीतं आहेत. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायांना अक्षर येत नाही, पण ही गीतं तोंडपाठ आहेत. भात लावताना, रात्री झोप येत नसताना तीच आठवतात. रविवारी सगळ्यांबरोबर म्हटलेलं गाणं बुधवारी एकटीच्या उपयोगी पडतं.

मात्र मंडळीत बसणं म्हणजे मन गहाण टाकणं नव्हे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्र्यंबकहून निघालेली आपली गोदावरी त्याच गावावरून पुढं जाते. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या लगेच झाल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही आपल्या मनाशी विचार करत राहिल्या, आणि 1900 साली स्वतः ठरवून बाप्तिस्मा घेतला. पुढं त्या स्वतः कीर्तनं करू लागल्या. 1919 साली टिळक गेले, तेव्हा अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी लिहून पुरं केलं. मंडळी सोबत करते, पण ‘हो’ जिचं तिनंच म्हणायचं असतं.

नाशिकचं शरणपूर तुम्हाला माहीत असेल. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकेची मुलं शिकत होती. ना आई, ना बाप, ना गाव. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना हेच त्यांचं घर झालं असेल. त्यांच्यातला एक जेकब वेनराइट पुढं आफ्रिकेला परत गेला. तिथं 1873 साली डेव्हिड लिव्हिंगस्टन रानात वारले, तेव्हा जवळ पाळक नव्हता. मृताची प्रार्थना या शरणपूरच्या पोरानं म्हटली.

आता कोणी म्हणेल, तुमच्यात सगळं गोडच दिसतं. छे! चार बाया जमल्या की भांडणं आलीच. आमच्यातल्या दोन जावा बांधावरून बोलत नव्हत्या. पण येशूची शिकवण अशी की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. घरात एकटीनं प्रार्थना केली तर हे वचन सहज टाळता येतं. ओसरीवर नाही टाळता येत, कारण ती समोरच बसलेली असते. प्रभुभोजनाचा रविवार आला की दोघी खाली मान घालून बसायच्या. त्यात गीतांची पुस्तकं कमी, दोघींत एक. मागल्या महिन्यात धाकटी थोरलीला म्हणाली, "पुस्तक जरा इकडं करा, मला दिसत नाही." थोरलीनं केलं.

बांधाची मोजणी अजून व्हायची आहे.