भाकिताचा लखोटा

मनकवडेपणाचे प्रयोग करणाऱ्या जादूगाराने संख्येच्या भाकितासाठी साहित्य निवडताना ते प्रेक्षकांच्या नित्य परिचयाचेच असावे, अशी दक्षता घ्यावी. कारण चकचकीत पेटी दिसताच संशय जागृत होतो, परंतु भिंतीवरच्या दिनदर्शिकेविषयी कोणाची तक्रार नसते.

तीवर प्रेक्षकाने चार बाय चार तारखांचा चौकोन आखताच समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांची बेरीज दुप्पट करावी, ती लखोट्यात मोहोरबंद करावी, आणि मग प्रत्येक ओळीतून व प्रत्येक स्तंभातून एकेकच तारीख त्याला स्वेच्छेने निवडू द्यावी: १ ते २५ या चौकोनात निवडलेल्या तारखांची बेरीज ५२ च येते! मात्र २३ व ३० एकाच घरात छापलेली दिनदर्शिका कटाक्षाने टाळावी, आणि बेरीज प्रेक्षकाकडून ठळक आकड्यांत पाटीवर करवून घ्यावी.