लढाई आणि आपले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चिटणीसबाईंनी इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. परंतु २०२५ च्या मे महिन्यातल्या त्या चार रात्री मनातून जात नाहीत. माझा भाचा सैन्यात, सरहद्दीवर होता. इकडे टीव्हीवर लढाईच्या बातम्या, त्यामागे जोराचे संगीत, जणू क्रिकेटचा सामनाच! मुले टाळ्या पिटत होती, आणि माझी थोरली बहीण अन्नाचा कण न घेता देवापुढे बसून होती. एकाच घरात एकाला जी करमणूक, तोच दुसरीच्या जिवाला घोर. हे कसे?

त्याच सुमारास मुलीने कॉलेजातून कोसंबींवरचे पुस्तक आणले. रोज दुपारी ती वाची, मी भाजी निवडता निवडता ऐके.

धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचे. त्यांचे शाळेतले शिक्षण फार झाले नाही. पण पुढे ते पाली भाषेचे प्राध्यापक झाले. त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र मराठीतच आहे. मी स्वतः वाचले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, असे आपण ऐकत आलो. धर्मानंदांनी जुने पाली ग्रंथ पाहून निराळे सांगितले: शस्त्रे घेऊन एकमेकांवर उठलेली माणसे पाहून त्याचे मन विटले. शाक्य आणि कोलीय यांचा तंटा रोहिणी नदीच्या पाण्याचा. बायांनो, नळावरची भांडणे आपणांस नवी आहेत का? बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली निघालेल्या बुद्धावरील ग्रंथातही गृहत्यागाचे कारण हाच तंटा आहे. त्यांनी १९५६ साली जिथे दीक्षा घेतली, ती दीक्षाभूमी आपल्या रामदासपेठेपासून पायी जाण्यासारखी. धर्मानंदांनी देह ठेवला तोही जवळच, सेवाग्रामला, जून १९४७ मध्ये.

त्यांचे चिरंजीव दामोदर. जन्म १९०७ चा. अमेरिकेत शिकले, पुण्यात आणि मुंबईत गणिताचे काम केले, आणि नाव झाले इतिहासात. आमच्या शाळेच्या पुस्तकात लढायांच्या सनावळ्या होत्या. दामोदरपंतांनी १९५६ च्या ग्रंथात लिहिले की, राजा कोण होता यापेक्षा लोक नांगर वापरीत होते की नाही, हे महत्त्वाचे. ते पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी हिंडले. म्हसोबा, वेताळ, बोल्हाई, शेंदूर फासलेले तांदळे, हे सारे त्यांनी आस्थेने पाहिले. या ठाण्यांपाशी त्यांना फार जुन्या माणसांची दगडी हत्यारेही सापडली. आपण ज्या दगडाला हळद-कुंकू वाहतो, तो एवढ्या मोठ्या विद्वानाला इतिहासाचे पान वाटला!

हेच गृहस्थ जागतिक शांतता चळवळीत होते. त्यासाठी परदेशांतही गेले. युद्ध नशिबाने येत नाही, त्यात कुणाचा तरी नफा असतो, असे ते मांडीत. अणुविज्ञानाचे काम जिथे चाले, त्याच संस्थेत नोकरीला असतानाही ते बेधडक सांगत की, आपल्या देशाने अणूपेक्षा उन्हाचा उपयोग करावा. आपल्या नागपूरकरांना हे पटवून द्यावयास नको! ते १९६६ साली वारले. आज गच्चीगच्चीवर सौर पाट्या दिसतात.

हे सारे मी बहिणीला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे माझा पोरगा चुकला का ग?" मला क्षणभर बोलवेना. मग म्हटले, "नाही ताई. तो आपले कर्तव्य करतो. चूक आमची, आम्ही त्याच्या जिवाचा तमाशा पाहतो." ती रडली, आणि त्या दिवशी जेवली.

सरकारने काय करावे, हे सांगण्याएवढी मी मोठी नाही. पण माझ्या घरात एक नियम केला आहे: लढाईची बातमी लागली की टाळी वाजवायची नाही. ज्या घरचा मुलगा तिकडे असेल, त्या माउलीकडे आधी जाऊन यायचे. इतिहास नांगराने आणि चुलीनेही घडतो, असे एवढे मोठे विद्वान सांगून गेले. मग आपल्या हातून एवढे तरी घडावे.