दुधाचे माप, विजेचे माप



पंचगंगेकाठचा ऊस-शेतकरी वर्षानुवर्षे मध्यरात्री, विंचूकाट्याचे भय सोसून मोटार चालू करावयास जात आला. त्याच्याच उसाच्या चिपाडांवर साखर कारखाने वीज निर्माण करून राज्याला विकतात! 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने दिवसा पाणी पाजण्याची वाट उघडली. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. आषाढात मात्र सूर्य झाकोळतो, गाळपही थांबलेले असते. तेव्हा राधानगरीचे जलविद्युत केंद्र आहे.

कोल्हापुरात 1963 पासून 'गोकुळ'ने गावोगावच्या संस्थांमार्फत दारोदारचे दूध मापून घेतले. छतावरील शिल्लक युनिटांचे माप तसे गावातच का होऊ नये? उत्तर प्रदेशच्या वीज नियामक आयोगाने 2023 मध्ये शेजाऱ्यास सौरवीज विकण्याची मुभा दिली. आपल्या दूध संस्थेचा सचिव हा हिशेब एका दुपारीत शिकेल.